परत आलेलं वाण

आमच्या आईचं 'नाही' हैदराबादेतल्या सगळ्या विद्यानगरात प्रसिद्ध होतं. गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं आधी आमच्या फाटकाबाहेर उभी राहून एकमेकांना ढकलायची. भाजीवाल्याशी ती घासाघीस करत नसे. "नक्को" म्हणून पिशवी उचलायची आणि चालू लागायची, मग तोच हाका मारत मागे यायचा. माझ्यासाठी आलेली तीन स्थळं तिनं पोह्यांच्या बशा रिकाम्या व्हायच्या आत वाटेला लावली. त्यातलं एक मला आवडलं होतं, पण ते जाऊ द्या. कारण ती कधीच सांगायची नाही. नाही म्हणजे नाही.

मी तेजश्री, तिची एकुलती एक मुलगी. छत्तीस वर्षांची घोडी झाले तरी मला त्या 'नाही'ची भीती वाटायची. त्या भीतीपोटी मी जे केलं ते सांगायला बसलेय. ऐकणारे म्हणतात की माझ्या भागीदारामुळे, अभिजीतमुळे झालं. अभिजीतला शिव्या द्यायला मला आवडतं, आत्ताही देणारच आहे, पण सुरुवात माझी होती.

बारा वर्षं मी औषधांच्या कंपनीत जिवाणू आणि बुरशी वाढवल्या. मोठाल्या टाक्यांत काय आंबतंय, किती आंबतंय, हे बघत बसायचं. पगार चांगला होता आणि जीव कंटाळलेला. तिथं आमच्या संगणकाचं काम बघायला अभिजीत यायचा. हा पुण्याचा. पंधरा वर्षं हैदराबादेत राहून तेलुगूतला एकच शब्द शिकलाय, 'तेलियदु', म्हणजे माहीत नाही. बाकी सगळं त्याला माहीत असतं. त्याच्याकडे पैसा होता आणि जीभ होती, माझ्याकडे आंबवण्याचं ज्ञान. दोघांनी मिळून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोंडापूरला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर छोटी ब्रूअरी काढायचं ठरवलं. आपण करायची ती बिअर तिथंच लोकांना पाजायची.

परवान्यासाठी सात महिने खेटे घातले. बिअर करणं हे लोकांना मोठं रुबाबाचं काम वाटतं. खरं सांगू? नव्वद टक्के काम भांडी घासायचं आहे. टाकी घासा, नळ्या घासा, तोट्या घासा, गुडघाभर बूट घालून गरम वाफेत उभं राहा आणि उरलेल्या वेळात थर्मामीटरकडे टक लावून बघा. जरा कुठे घाण राहिली की पाचशे लिटर गटारात. आईनं मला लहानपणी भांडी घासायला लावलं ते असं फळाला आलं.

पहिल्या वर्षी आमच्या चार बिअर होत्या आणि चारही सगळ्यांच्या असतात तशाच होत्या. कोंडापुरात तेव्हा दर दोन सिग्नलांमागे एक ब्रूअरी होती. आमच्याकडे लोक यायचे ते शेजारी जागा मिळाली नाही म्हणून. अभिजीत म्हणाला, "आपलं स्वतःचं असं काहीतरी हवं, तेजू." हे वाक्य तो आठवड्यातून तीनदा म्हणायचा. काहीतरी म्हणजे काय, ते मी शोधायचं.

मला आठवलं ते आईचं ज्वारीचं सत्त्व.

आमच्या घराण्यातलं एकूण एक बाळ त्यावर वाढलंय. आईचं माहेर भैंशाजवळच्या खेड्यातलं, तिथून तिनं आणलेली ही पद्धत. ज्वारी रात्रभर भिजवायची, पाणी तीनदा बदलायचं, ओल्या पंच्यात बांधून ठेवायची, मोड आले की गच्चीवर पातळ लुगड्याखाली वाळवायची. मग सर्वांत किचकट काम, वाळलेल्या मोडांच्या शेपट्या तळहातावर चोळून एकेक काढायच्या. "शेपटी राहिली की कडू लागतंय, अन् बाळाच्या पोटाला बाधतंय," असं आई म्हणायची. त्या शेपट्यांत खरंच विष असतं, हे मी पुढे कॉलेजात शिकले. शेवटी दाणे मंद आचेवर परतायचे, बाळासाठी दळायचे ते आयत्या वेळी. ब्रूअरीच्या भाषेत ह्यालाच माल्ट म्हणतात. बाजारात मिळणारं ज्वारीचं माल्ट मी आणून पाहिलं होतं, त्याला ओल्या पोत्याचा वास यायचा. आईच्या सत्त्वाला भाकरीच्या खरपूस कडेचा वास येतो. मी घरातलं दोन किलो उचललं आणि गुपचूप वीस लिटरची बिअर केली. पहिला घोट घेतला आणि मला रडू आलं. इतकं चांगलं मी आयुष्यात काही केलं नव्हतं.

पण दोन किलोनं काय होणार? आठवड्याला तीस किलो लागणार होतं. मी आईला म्हटलं, सत्त्व करून देशील का, हाताखाली एक बाई देते.

"एवढं? कशाला?" ती ज्वारी निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

इथं मामाचं सांगायला हवं. आईचा धाकटा भाऊ गुडुंब्यानं गेला. गावठी दारू, गुळाची आणि देव जाणे आणखी कशाची. चोवीस वर्षांचा होता. तेव्हापासून ज्या लग्नात दारू असेल त्या लग्नाला आई अक्षता टाकायलासुद्धा जात नाही. बाबा असताना त्यांचे ऑफिसातले एक मित्र पिऊन आले होते, त्यांना तिनं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मी औषध कंपनी सोडून काय करते हे तिला ठाऊक नव्हतं. 'खाण्यापिण्याच्या पदार्थांचा कारखाना' एवढंच मी सांगितलं होतं, आणि ते तसं खोटं नव्हतं.

"बाळांच्या खाण्यासाठी," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. बाण सुटला तो सुटला. आईनं मान वर केली आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तिथंच जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. "मग हौ म्हणते की," ती म्हणाली. "बाळांसाठी कोण नाही म्हणतंय."

दीड वर्ष. दीड वर्ष माझी आई, वय वर्षं अडुसष्ट, मी मदतीला दिलेल्या यादम्माला हाताशी घेऊन गच्चीवर ज्वारी वाळवत होती. ऊन उतरलं की उचलून आत घ्यायची, आभाळ आलं की धावायची. चोळून चोळून तिचे तळहात घोरपडीच्या पाठीसारखे झाले होते. पैसे द्यायला गेले तर "लेकरांच्या खाण्याचे पैसे घेऊ?" म्हणून हाकललं. कारखाना बघायचा म्हणून मागे लागायची. मी म्हणायचे, तिथं वाफ असते, फरशी ओली असते, पाय घसरेल तुझा. अभिजीत दोनदा घरी जेवायला आला, तिच्या हातची येसराची आमटी ओरपली आणि म्हणाला, "काकू, तुम्ही फार पुण्याचं काम करताय." मी त्याला टेबलाखालून लाथ मारली. त्यानं ती हसण्यावारी नेली.

बिअर धो धो चालली. लोक कुकटपल्लीहून, सिकंदराबादेहून ती प्यायला येऊ लागले. तिला नाव हवं म्हणून अभिजीतनं 'सत्यवती' ठेवलं. मी म्हटलं, आईचं नाव नको. तो म्हणाला, "अगं, तिचाच तर मान आहे हा." मी टाकी घासायला निघून गेले. मग त्यानं ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकत्या छापून घेतल्या. त्यावर आईचं चित्र. माझ्या फोनमधल्या फोटोवरून काढलेलं, डोक्यावर पदर, नाकात मोरणी, आणि खाली 'आईच्या हातची'. पाच हजार चकत्या. मी भांडले, दोन दिवस बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागले. मला वाटलं, विद्यानगरातलं कोण मरायला कोंडापूरला येतंय. आम्ही इथं राहायला आल्यापासूनच्या बत्तीस वर्षांत आमच्या गल्लीतल्या बायका नारायणगुड्याच्या पलीकडे गेलेल्या मी पाहिल्या नव्हत्या, गेल्याच तर वर्षातून एकदा नामपल्लीच्या प्रदर्शनाला. ती दोन वेगळी गावं आहेत असं मी धरून चालले. बायकांना मुलं असतात आणि ती मुलं नोकरीला तिकडेच जातात, हे मला सुचलं नाही. शिकलेल्या माणसाची अक्कल ही अशी.

मग संक्रांत आली.

आमच्याकडे हळदीकुंकू मोठं असतं. विद्यानगर, नारायणगुड्यातल्या चाळीसेक मराठी बायका येतात. दरवर्षी वाण म्हणून चाळण्या, वाट्या, प्लास्टिकचे डबे लुटतात आणि दरवर्षी ते डबे पुढच्या घरी फिरतात. या वर्षी आई म्हणाली, "डबे नक्को. सत्त्व देते. समद्यांच्या घरी नातवंडं हायत. माझ्या तेजूच्या कारखान्याचं वाण."

मी थांबवायला हवं होतं. थांबवलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं. आईनं जुन्या मऊ साड्यांच्या चाळीस पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत अर्धा किलो सत्त्व भरलं, प्रत्येक पिशवीला हळदीकुंकवाचं बोट लावलं. हळदीकुंकवाच्या दिवशी मी दारात अत्तर लावायला उभी होते. प्रत्येकीला आई सांगत होती, "कोंडापूरला कारखाना हाय हिचा. किती तरी लेकरं खातात." बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. शेजारच्या अनुराधाबाईंनी तर माझी अलाबला घेतली. त्यांची नात आठ महिन्यांची, त्याच आठवड्यात तिला वरचं खाणं सुरू करायचं होतं.

दहा दिवसांनी अनुराधाबाईंचा मुलगा प्रशांत ऑफिसच्या लोकांबरोबर दुपारी जेवायला गेला. कुठे ते सांगायला नकोच. ग्लास उचलला तर खाली सत्यवतीकाकू. बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. त्याला आनंदच झाला. आपल्या शेजारच्या काकू एवढ्या प्रसिद्ध झाल्या म्हणून त्यानं ती चकती खिशात घातली आणि घरी आईला नेऊन दाखवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी घरी होते. अनुराधाबाई सकाळी दहाच्या सुमाराला आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चकती. आत आल्या नाहीत.

"सत्यवतीबाई, एक विचारू का," त्या म्हणाल्या. "ह्या सत्त्वात दारू असती का? माझी नात आठ दिस झाले खायलीय."

आई हसली. "काय बोलायलात? दारू कामून असंल?"

अनुराधाबाईंनी चकती पुढे केली. आईनं पदरानं चष्मा पुसला आणि बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी चकतीकडे बघायचं टाळलं, आणि तिला जे कळायचं ते कळलं.

"नाही," आई अनुराधाबाईंना म्हणाली. "सत्त्वात काही नाही. नेहमीचंच हाय. तुमच्या नातीला काही होणार नाही."

"तुमच्यावर विश्वास हाय हो," त्या म्हणाल्या, आणि पिशवी पुढे धरली. वाण परत करायची आपल्यात पद्धतच नाही, त्यामुळे ते कसं करायचं हे त्यांना कळत नव्हतं. पिशवीत वर त्यांनी चमचाभर साखर ठेवली होती. "नुसतं कसं परत द्यायचं म्हणून," त्या पुटपुटल्या. आईनं दोन्ही हातांनी पिशवी घेतली. कुंकवाचा करंडा आणून त्यांना कुंकू लावलं. अनुराधाबाई रडत होत्या, आई नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात पिशव्या येत राहिल्या. कुणी बेल वाजवून दिल्या, कुणी फाटकाच्या कडीला अडकवून गेल्या. अपशब्द कुणी बोललं नाही. एकीनं चिठ्ठी ठेवली होती, 'घरात लहान मूल आहे म्हणून, राग नसावा'. एकतीस आल्या. उरलेल्या नऊजणींनी खाल्लं की फेकलं ते देवाला माहीत. आई प्रत्येक पिशवी आत आणायची आणि देवघराखालच्या फळीवर ओळीनं मांडून ठेवायची.

चकती तिनं त्या रविवारीच टेबलावर ठेवली होती. अनुराधाबाई गेल्यावर मी तिच्यासमोर बसले. म्हटलं आता बोलेल, मारेल, घराबाहेर काढेल. काहीही चाललं असतं.

"ह्याच्यावर गिलास ठेवतात?" तिनं विचारलं.

"हो."

"तोंडावर."

मी रडायला लागले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "कामून नाही विचारलंस मला?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हौ. म्हणलेच असते." तिनं चकती उलटी करून ठेवली. "तेवढं एक 'नाही' माझं होतं, तेजू. माझ्या भावाचं होतं. बाळांचं नाव काढून तू ते माझ्याकडून काढून घेतलंस. मी दीड वरीस हौ हौ म्हणत बसले."

मी तिचे पाय धरले, ते तिनं सोडवून घेतले नाहीत की पाठीवर हातही ठेवला नाही.

अभिजीतला सांगितलं तर तो क्षणभर गंभीर झाला. मग म्हणाला, "काकूंना इथं एकदा घेऊन ये ना. लोकांचं प्रेम बघितलं की त्यांचा राग जाईल. एक छोटा व्हिडिओसुद्धा..." माझ्या हातात गरम पाण्याची नळी होती. त्याच्या अंगावर नाही मारली, एवढं माझं मोठेपण. चकत्या काढ म्हटलं तर म्हणाला, अजून तीन हजार शिल्लक आहेत. मी त्या रात्रंदिवस खपून एकेक उलट्या ठेवायचे, आणि ग्लास वाढणारी पोरं त्या पुन्हा सुलट्या करायची, कारण चित्र वर असावं अशी मालकांची सूचना होती. एक मालक मीही आहे, पण माझं कोण ऐकतंय.

त्यानंतर आई बदलली. भजनी मंडळात ती गेली नाही, कुणी नको म्हटलेलं नसताना. भाजीवाला सांगेल तो भाव देऊ लागली. आणि मी काहीही विचारलं की तिचं एकच उत्तर, "बरं." आई, उशीर होईल. बरं. आई, तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात करू या. बरं. आई, हे घर विकून कोंडापूरला राहायला जायचं का, असं मी एकदा मुद्दाम विचारलं. बाबांनी वीट वीट जमवून बांधलेलं घर. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "बरं." मला वाटलं तव्यावर माझाच हात ठेवावा. पाहिजे ते म्हण गं, पण एकदा नाही म्हण.

सकाळी मात्र ती परत आलेल्या पिशव्यांतलं सत्त्व शिजवायची. गूळ घालून दोन वाट्या, एक तिची, एक माझी. "बाळांसाठीच केलतं," ती म्हणायची, आणि मी खाली मान घालून खायचे. रोज. एकतीस पिशव्या संपायला उन्हाळा उजाडला.

इकडे ब्रूअरीत बाहेरून माल्ट मागवून आम्ही 'सत्यवती' करत होतो. ओल्या पोत्याचा वास. लोक अर्धा ग्लास ठेवून उठायला लागले. अभिजीत म्हणाला की हे असं तीन महिने चाललं तर गाशा गुंडाळावा लागेल. तो जाईल परत त्याच्या संगणकांकडे. मी कुठे जाणार? त्या टाक्या मी स्वतःच्या हातांनी घासल्या होत्या. त्या बिअरइतकं चांगलं मी दुसरं काही केलं नाही, हे मी आधीच सांगितलंय.

म्हणून एप्रिलमधल्या एका दुपारी मी तिच्यासमोर जाऊन बसले. ती वर्तमानपत्रावर चिंच फोडत होती. या वेळी मी काही लपवलं नाही. तिच्यासमोर तो शब्द मी जन्मात पहिल्यांदा उच्चारला.

"आई, बिअरसाठी ज्वारी हवीय. दारूसाठी. लोक ती पिणार आहेत. तुझ्या नावानं. करून देशील?"

आतून मी देवाला हात जोडत होते की हिनं आता उठून माझ्या थोबाडीत मारावी, विद्यानगराला ऐकू जाईल असं 'नाही' म्हणावं. माझी शपथ, ती नाही म्हणाली असती तर मी ब्रूअरीला टाळं लावलं असतं. निदान मी तसं स्वतःला सांगते.

आईनं चिंचोका बाजूला टाकला.

"बरं," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं ज्वारी भिजवली. तीनदा पाणी बदललं. पंच्यात बांधली, मोड आणले, गच्चीवर लुगड्याखाली पसरली. यादम्माला तिनं हात लावू दिला नाही. सहाव्या दिवशी मी उठले तर दाराशी तीस किलोचं पोतं बांधून उभं होतं. तोंडाशी नेहमीसारखीच गाठ, नेहमीसारखाच भाकरीच्या कडेचा वास. मी मूठभर दाणे हातावर घेऊन बघितले. एकालाही शेपटी नव्हती.

"समद्या काढल्यात," आई आतून म्हणाली. "कडू लागणार नाही."

मी दाणे परत पोत्यात टाकले, गाठ मारली. मग पोतं उचललं आणि गाडीत नेऊन ठेवलं.